हरेशची बाजू

पत्रकात मागणी पहिल्या ओळीत असावी, ती शेवटी ठेवणारा माणूस घाबरलेला असतो, असं माझे वडील सांगायचे. म्हणून आधी मागणी. मला मॅडम म्हणू नका, आणि 'एवढं शिकून हे काय करतेस' असं तर मुळीच म्हणू नका. मी गाड्या रंगवते. पेंटर म्हणा.

वडील रोह्याच्या एका केमिकल कंपनीत होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. वरसे गावातल्या आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे होते. मी वाचायला शिकले ती 'कामगार बंधूंनो' या शब्दांवर. बहिणी कुठे आहेत, असं मी एकदा विचारलं. पुढच्या पत्रकात 'बंधू-भगिनींनो' आलं. आयुष्यातला माझा पहिला विजय तो. त्यानंतर फार मिळाले नाहीत.

रंगकाम शिकले पेणला, गणपतीच्या कारखान्यात. रंग फवारायची गन कशी धरायची, हात कुठे थांबवायचा आणि कुठे थांबवायचा नाही, हे मला तिथल्या बायकांनी शिकवलं. हंगाम संपला की कॉम्प्रेसर गोणपाटाखाली जातो आणि बायका घरी जातात. मला ते पटेना. मालकाकडून एक जुना कॉम्प्रेसर मागून घेतला आणि पहिली रिक्षा रंगवली. मूर्तीला आणि गाडीला गन एकच चालते. मूर्तीकडे लोक हात जोडून बघतात, गाडीकडे वाकून, नखाने टोकरून बघतात. मला दुसरी तऱ्हा जास्त प्रामाणिक वाटते.

बाहेरच्यांना वाटतं, गाडी रंगवणं म्हणजे रंग मारणं. रंग मारणं हे लग्नातल्या अक्षतांसारखं असतं, सगळं झाल्यावर उरलेलं. त्याआधी जुना रंग घासून पत्रा उघडा करायचा, गंज मुळापासून काढायचा, खड्डे पुट्टीने भरायचे, ते पुन्हा घासायचे, धुवायचं, वाळवायचं, मग प्रायमर म्हणजे खालचा तांबडा हात, तोही घासायचा. एवढं झाल्यावर रंग. गिऱ्हाईक येतं ते शेवटच्या दिवशी, आणि म्हणतं, "एका दिवसात केलंत की." ज्याच्याकडे पैसे कमी असतात तो नेहमी प्रायमरमध्ये वाचवतो, कारण प्रायमर दिसत नाही. जे दिसत नाही त्यात वाचवणं ही काही फक्त गाडीवाल्यांची सवय नाही. पण तो विषय निघाला की मी थांबत नाही, म्हणून इथेच थांबते.

गॅरेज मला नाही. मी लोकांच्या घरी जाते, नाहीतर गाडी माझ्या अंगणात येते. अंगणात शेणसडा किंवा नुसतं पाणी मारून धूळ बसवायची, चारी बाजूंनी जुन्या साड्या लावायच्या, की झालं गॅरेज. गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावच्या एका दुकानदाराने स्कूटर आणली आणि म्हणाला, "बायकोच्या शालूचा रंग दे," आणि खरंच पिशवीतून शालू काढला. एकाला जीपच्या बॉनेटवर साहेबांचा चेहरा पाहिजे होता. कोणते साहेब ते सांगत नाही. मी म्हटलं, चेहरा काढीन, पण निवडणुकीनंतर साहेबांनी पक्ष बदलला तर मिशी बदलायला येणार नाही. तो गेला. एकजण टेम्पो घेऊन आला. पुढे चेपलेला, आणि चेपलेल्या जागी जे लागलं होतं ते चिखल नव्हतं. आजच्या आज रंगवून पाहिजे म्हणाला, तिप्पट देतो म्हणाला. मी नाही म्हटलं आणि नंबर चौकीत सांगितला. टेम्पो तोवर दुसरीकडे रंगून तयार होता. आपल्याकडे 'दुसरीकडे' नेहमी असतंच.

पण मला सांगायचंय ते एका न चालणाऱ्या जीपबद्दल.

भाऊबीज झाली होती. हे दिवस रंगाला चांगले, हवा कोरडी असते. पेणजवळच्या जिते गावाच्या पुढे खाडीकडे उतरलं की लागतं त्या एका गावातून फोन आला. बाळारामकाका असं नाव सांगितलं. म्हणाले, "जुनी जीप हाय. अर्धी रंगवायची."

"अर्धी म्हणजे?"

"अर्धी झालेली हाय. उरलेली अर्धी तू कर."

फोनवर मला वाटलं, एखादा पेंटर पैसे घेऊन पळाला असेल. गेले.

जीप घराच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. माझ्या वडिलांच्या जन्माआधीची असावी. जाड पत्रा, सपाट तोंड, पुढची काच आडवी करता येते अशी. बाळारामकाकांनी ती मिठागराच्या मालकाकडे आयुष्यभर चालवली. मिठागर बंद पडलं तेव्हा मालकाने पगाराच्या हिशेबात पैशांऐवजी हीच दिली. मग ती गावाची झाली. बाळंतीण पेणच्या दवाखान्यात न्यायची ती यातून, नवरी सासरी जायची ती यातून. आता इंजिन नव्हतं. बॉनेटखाली कोंबडीने घर केलं होतं.

आणि जीप खरंच अर्धीच रंगवलेली होती. उजवी बाजू जुनी, राखाडी, कोळशाच्या राखेसारखी. डावी बाजू निळी. होडीचा निळा. खाडीतल्या होड्यांना मारतात तो तेली रंग, ब्रशने मारलेला. बॉनेटच्या मध्यावर निळा रंग थांबला होता. कडेची रेघ सरळ नव्हती. ब्रश उचलून ठेवला आणि कुणी हाक मारली म्हणून गेला, अशी ती जागा होती.

"कुणी मारलाय?" मी विचारलं.

"हरेशने," काका म्हणाले. "आमचा पोरगा."

"मग तोच का नाही पुरी करत?"

काकांच्या मागे दारात त्यांची बायको उभी होती. हिराकाकी. बारीक, उंच, मिठागरात काम केलेल्या बायांचे पाय असतात तसे घोट्यापर्यंत वेगळ्या कातडीचे पाय. तीच बोलली.

"तो नाय आता," म्हणाली. "तुला चाय देऊ का कोरी? दूध नासलाय."

चहा पिताना कळलं ते असं. हरेशचं लग्न ठरलं होतं. गावातल्या सगळ्या नवऱ्या या जीपमधून जातात, तर आपली या जीपमधून यावी असं त्याच्या मनात होतं. इंजिन मित्राकडून करून घेणार होता. रंग मात्र स्वतः देणार होता, घरीच, कारण पेंटरला द्यायला पैसे नव्हते. एका होडीवाल्याकडचा उरलेला डबा आणला आणि सुट्टीच्या दिवशी डावी बाजू केली. उजवी पुढच्या सुट्टीला करणार होता. मधल्या आठवड्यात रोह्याला कंपनीत, जिथे तो ठेकेदाराकडून कामाला होता, टाकी साफ करायला आत उतरला. त्याच्याआधी उतरलेला माणूस वर येत नव्हता म्हणून हा उतरला. वर आणलं ते दोघांनाही एकदमच.

मला कंपनी कुठली ते विचारावं लागलं नाही. रोह्यातल्या माणसाला ती गोष्ट माहीत आहे. माझ्या वडिलांनी त्यावर पत्रक काढलं होतं आणि ते मी स्वतः अष्टमीच्या पुलावर उभी राहून वाटलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. पत्रकात पहिली ओळ होती: दोन कंत्राटी कामगारांचा बळी, जबाबदार कोण? नाव एकाचंही नव्हतं.

काकांना काय पाहिजे ते त्यांनी स्वच्छ सांगितलं. "गुडघं गेलं माझं. डोळं हाईत तवर एकदा गाडी पुरी निळी झालेली बघायची हाय. चालली नाय तरी चालल."

काकीला काय पाहिजे तेही तिने स्वच्छ सांगितलं. "तुझी बाजू तू कर. हरेशच्या बाजूला हात नाय लावायचा."

त्या घरात जीपला डावी-उजवी नव्हती. एक हरेशची बाजू आणि एक राहिलेली.

मी होय म्हटलं. अर्धी गाडी रंगवणं आमच्या धंद्यात चूक आहे. जुना आणि नवा रंग कधी जुळत नाही, शेजारी शेजारी ठेवले की दोघंही खोटे दिसतात. पण ही गाडी कुणाला विकायची नव्हती आणि कुठल्या तपासणीत पास करायची नव्हती. खर्च कमीत कमी ठेवायचा होता. होडीचाच निळा आणला, तो गाडीच्या रंगापेक्षा बराच स्वस्त पडतो आणि खाऱ्या हवेत टिकतो. पेणहून कॉम्प्रेसर रिक्षात घालून नेला. कामाची वेळ ठरवली. दव सुकल्यावर सुरू करायचं आणि दुपारचा खाडीवरचा वारा सुटायच्या आत गन बंद करायची. रात्री माझ्या पेणच्या मैत्रिणीकडे राहायचे.

राहिलेली बाजू घासायला घेतली तशी गावातली माणसं येऊन कुंपणाला टेकायला लागली. खाडीकाठी कुणी काम करताना दिसलं की बाकीच्यांना बसवत नाही, येऊन बघतात.

"बाळाराम," एक म्हातारा म्हणाला, "चालत नाय त्या गाडीला रंग कशाला?"

"तुझा घर चालतो काय?" काका म्हणाले. "त्याला दर सालाला चुना लावतोस ना?"

"घरात मी ऱ्हातो."

"या गाडीत कोंबडी ऱ्हाते."

सगळे हसले. काकीही हसली. ती दिवसभर माझ्या जवळच असायची. तांदूळ निवडत, मासळी साफ करत, पण तोंड जीपकडे. आणि हरेशच्या गोष्टी सांगायची. मला वाटतं, गावात त्या सगळ्यांच्या ऐकून झाल्या होत्या, मी नवी होते.

मी मधून मधून हरेशची बाजू बघायचे, हात न लावता. पेंटरला दुसऱ्याचं काम वाचता येतं. पोराने ब्रश वरून खाली मारला होता, दाराला मारतात तसा. घाईचा हात होता, कडेला ब्रश उचलायचा कंटाळा, त्यामुळे कडांना ओघळ. मडगार्डच्या खाली एक ओघळ त्याने बोटाने पुसला होता. बोटाच्या रेघा रंगात तशाच वाळल्या होत्या. पुलावर वाटलेल्या पत्रकात हा माणूस 'कंत्राटी कामगार' होता. इथे तो उजव्या हाताचा होता, उतावळा होता, आणि ओघळ दिसला की कापड शोधत न बसता बोट लावणारा होता. रोह्याला घरी गेले त्या दिवशी मी वडिलांना विचारलं, नावं का नाही छापली? ते म्हणाले, "गेटच्या रजिस्टरात ती नावं नव्हतीच. आम्ही छापली असती तर आधी ती माणसं आत होती हेच सिद्ध करावं लागलं असतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तरी छापायला पाहिजे होती." आमच्या घरात 'तरी' हा शब्द फार उशिरा येतो.

राहिलेली बाजू निळी झाली. चांगली झाली, आरशासारखी. काका उठून सारखे बघून जात होते. मी कडेची जोड नीट करावी म्हणून बॉनेटवरच्या हरेशच्या रेघेपाशी आले, आणि तेव्हा मला खाली, दाराच्या तळाशी, फोड दिसले.

पावसाळ्यानंतर कातडीवर येतात तसे बारीक फोड, रंगाच्या आत. आधी मी ते धुळीचे कण समजले होते. एक नखाने दाबला. फुटला आणि आतून तांबडं पाणी आलं. दुसरा दाबला, तसंच. मग मी ते बोट जिभेला लावलं. हे शहाणपण नाही, पण आम्ही सगळे करतो. पाणी खारट होतं.

फोड दारापुरते नव्हते. उजेडात तिरकं बघितलं तर सगळी बाजू, खालपासून हातभर उंचीपर्यंत, भरलेली होती. रंग वरून धडधाकट आणि खालून पत्रा सडत चाललेला. दोन पावसाळे, फार तर तीन. मग ब्रशचे हात, ओघळ, बोटाची खूण, सगळंच पापुद्रा होऊन खाली पडणार होतं. हरेशची बाजू ठेवायची म्हणून ठेवली तर ती जाणार होती. वाचवायची म्हणून घासली तरी जाणार होती.

मी काका-काकींना बोलावलं. फोड दाखवले. आणि विचारलं, "रंगाच्या आधी पत्रा धुतला होता त्याने?"

"धुतला म्हनजे," काकी म्हणाली, आणि तिला आठवून हसू आलं. "भांडलाच माझ्याशी. गोडा पानी दे म्हनाला, दोन हंडं. टँकर आला नव्हता किती दिवस. मी बोलली, मानसाला प्यायला नाय आन तू पत्र्याला पाजतोस? हिरीचा घे. मग फुगून बसला. मग हिरीचा घेतला. लई हट्टी. बापावर गेला व्हता."

तिथे पाणी दोन जातींचं. टँकरने येतं ते गोडं, ते पिण्याला आणि भाताला. विहिरीचं मचूळ, खाडीचा अंश असलेलं, ते कपड्यांना, भांड्यांना, गुरांना. गोडं पाणी गाडीवर ओतणारा माणूस त्या गावात वेडा ठरेल. तिच्या जागी कुठलीही आई असती तरी तेच म्हणाली असती.

हे मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा मी पेंटर होते आणि मला कारण सापडलं होतं. मी सांगितलं, जसं मी कुणालाही सांगते. खाऱ्या पाण्याने धुतलेला पत्रा वाळला की मीठ त्यावरच राहतं, डोळ्याला दिसत नाही. वर कितीही चांगला रंग द्या, ते मीठ हवेतली ओल आत ओढत राहतं, फोड येतात आणि पत्रा आतून गंजतो. गोड्या पाण्याने शेवटचा हात मारला असता तर हे झालं नसतं. मी स्पष्ट बोलले. अगदी पत्रकासारखं, मुद्देसूद.

बोलून झालं तेव्हा काकीच्या तोंडावर मघाचं हसू अजून होतं, पण ते तिथे विसरल्यासारखं राहिलं होतं. काका उठले आणि कोंबड्यांना हाकलायला गेले. कोंबड्या नव्हत्या तिथे.

"म्हनजे ह्यो खार," काकी म्हणाली, "माझ्यामुळं."

खरं बोललं की माणूस मोकळा होतो, असं आमच्या घरी शिकवलं जायचं. मोकळं कोण होतं हे कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "तसं नाही काकी. वाऱ्यानेही होतं. खाडीचा वारा आहे. जुना पत्रा..."

"वारा त्या बाजूला पन हाय," काकी म्हणाली. राखाडी बाजू इतकी वर्षं उघडी होती आणि तिच्यावर फोड नव्हते. मी ती नुकतीच घासली होती, मला तिच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. "खोटा नको बोलू गो. तुला जमत नाय."

दुसऱ्या दिवशी ती बाहेर आली नाही. चहा काकांनी आणला. मी सामान आवरायला घेतलं. म्हटलं, काका, ठरलं होतं ते झालं, तुमची गाडी निळी झाली, मी निघते. हरेशची बाजू आहे तशीच दोन वर्षं जाऊ देत. काका म्हणाले, "थांब जरा." आणि घराकडे बघत बसले. मला वाटतं, आम्हा दोघांनाही माहीत होतं की ती येणार, फक्त वेळ तिची होती.

ऊन अंगणात आलं तेव्हा काकी आली. माझ्या पिशवीतला घासायचा कागद उचलला, बोटाने खरखर बघितली.

"ह्याने घासायचा ना?"

"काकी, मी करते."

"तू नको. मी करीन. तू दाखव."

मी दाखवलं. लाकडाच्या ठोकळ्याला कागद गुंडाळायचा, जोर खांद्याचा लावायचा, मनगटाचा नाही. एकदाच दाखवावं लागलं. आयुष्यभर मिठागरात पाटी आणि फावडं ओढलेली बाई, तिच्या खांद्याला कुणी काय सांगावं. ती खालून सुरू झाली. निळा जायला लागला, त्याखाली तांबडा दिसायला लागला. तो तांबडा पाहून मी थांबले. चांगला जाड होता, एकसारखा.

"काकी, हे बघा. हा प्रायमर. त्याने दोनदा दिलाय."

"मग?"

"पैसे कमी असले की लोक हाच वाचवतात. दिसत नाही ना. त्याने नाही वाचवला."

ती थांबली. घामाने तोंड ओलं होतं. "म्हनजे काम चांगला केला व्हता त्याने?"

"चांगलं केलं होतं."

"चूक पान्याची."

मी ठोकळ्यावरचा झिजलेला कागद बदलला. मग म्हटलं, "हो."

"बरा," काकी म्हणाली, आणि पुन्हा घासायला लागली.

काका येऊन शेजारी बसले. त्यांना खाली बसता येत नव्हतं, स्टुलावर बसले आणि दाराचा वरचा भाग घासायला लागले. मी मागची बाजू घेतली. कुंपणाला माणसं आली, थोडा वेळ उभी राहिली, आणि आज थट्टा न करता गेली. मडगार्ड सगळ्यात शेवटी राहिलं. तिथे बोटाची खूण होती. काकीने आपला अंगठा त्या रेघांवर ठेवला. तो मोठा पडला, की लहान, मला दिसलं नाही.

मी म्हटलं, "इथे फोड नाहीत काकी. एवढी जागा तशीच ठेवू. मी बाजूने रंग मारते. जमतं."

तिने अंगठा उचलला.

"एक बोट ठेवून काय करू," म्हणाली, आणि कागद फिरवला.

पत्रा उघडा झाला. आता धुवायचा होता. मी पेणहून पाण्याचे कॅन मागवते म्हटलं, रिक्षावाला ओळखीचा होता. काकी आत गेली आणि स्वयंपाकघरातलं पिंप ओढत बाहेर आणायला लागली. मी धावले. पिंपात टँकरचं पाणी होतं, जेवढं घरात होतं तेवढं सगळं.

"अगो, सांजच्याला काय प्यायचा?" काका म्हणाले.

"खारा प्यायचा," काकी म्हणाली.

तिने तांब्याने पाणी घेतलं आणि वरून सोडलं. एकदा, दुसऱ्यांदा, सावकाश, पोराला न्हाऊ घालताना कपाळावर हात आडवा धरून डोळ्यांत जाणार नाही असं पाणी सोडतात तसं. पत्र्याला कपाळ नव्हतं, तरी तिचा हात आडवा धरलेला होता. काका उठून आत गेले. पाणी संपलं तेव्हा तिने पिंप आडवं करून तळाचंही घेतलं. मी कापडाने पुसत होते. पुसता पुसता मी सवयीने बोट जिभेला लावलं. पाणी गोडं होतं. पत्र्यावर काही राहिलं नव्हतं. मी तिला ते सांगितलं. तिने मान हलवली.

प्रायमर झाला, वाळला. रंगाच्या दिवशी मी गन भरत होते तर काकी म्हणाली, "ह्यो सू सू करनारा नको. ब्रशने मार."

ब्रशने मारला की जोड दिसते, दोन बाजू वेगळ्या दिसतात, असं मी एरवी गिऱ्हाइकाला समजावून सांगितलं असतं. आज नाही सांगितलं. पेणहून रुंद ब्रश आणला. मला त्याचा हात पाठ झाला होता. वरून खाली, दाराला मारतात तसा, घाईने. मी तसा मारत गेले. कडेला ब्रश उचलायचं मी मुद्दाम टाळलं, ओघळ येऊ दिले. धंद्यात ओघळ आला की शागिर्दाच्या पाठीत धपाटा बसतो. मी इतकी वर्षं ओघळ न येण्याचंच काम केलं होतं आणि त्या दिवशी मन लावून ओघळ काढत होते. बॉनेटपाशी दोन्ही निळे एकमेकांना भिडले.

दुसऱ्या दिवशी रंग वाळला होता. काकांना दाखवलं. ते जीपला एक फेरी मारून आले, मग दुसरी. एवढंच बोलले, "झाली पुरी." मग राहिलेल्या बाजूने, ज्या बाजूने ते आयुष्यभर चढले असतील, हळूहळू आत बसले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून समोर खाडीकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. झालाही असेल. तो तसा दिसतो हे मला माहीत नव्हतं.

काकी दुसऱ्या बाजूला आली. तळहात पसरला आणि दारावरून वरून खाली फिरवला. एकदा पुढे, एकदा मागे. डोळे मिटले नाहीत, नीट बघत होती. कडेच्या ओघळापाशी थांबली, त्यावरून बोट नेलं.

"त्याच्यासारका केलास तू," म्हणाली.

"प्रयत्न केला."

"हा त्याचा हात नाय."

"नाही काकी."

"नाय," ती म्हणाली. "तुझा हाय." हात तिने तसाच दारावर ठेवला होता. "ऱ्हाऊ दे."